मोटारीमागे बांधलेली नवरी

माझ्या लग्नाच्या दिवशी मी घरी अगदी वेळेवर पोचलो. फक्त बायको मागे राहिली.

आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. मामांनी मला सोलापुरात शिकवले, पुढे पुण्याला धाडले, आणि मी बी. एस्सी. होऊन आलो तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त रडले. त्यामुळे मामांनी काही विचारले की मी जीव ओतून उत्तर द्यायचो. (ती सवय नडली.)

लग्न नवरीच्या गावी, मंद्रूपला लागले. सूनबाईने दिवेलागणीच्या आत सोलापूरच्या घराचा उंबरा ओलांडलाच पाहिजे, असे आईने निक्षून सांगितले होते. ती ओवाळायचे ताट घेऊन घरीच थांबली होती. मामांनी नुकतीच एक जुनी मोटार घेतली होती. चारी बाजूंनी बंद, मागे एवढीशी काच. त्या काळी मोटार दिसली की गिरणीतून सुटलेली माणसेसुद्धा भुका विसरून बघत उभी राहायची! निघायची वेळ झाली, तर माझे वडील आणि थोरले काका मागच्या बाकावर आधीच बसलेले. जन्मात पहिल्यांदा मिळालेली जागा ते सोडतात कशाला? पुढे मोटार चालवायला मामा आणि त्यांच्या शेजारी मी. नवरी, मामी आणि काकू राहिल्या बैलगाडीत. आणि बैलांच्या चालीने तर वाटेतच अंधार पडणार!

"सदा, तू शिकल्याला हायस," मामा म्हणाले. "बैल सोडून गाडी मोटारीमागं बांदली, तर वडंल का रं?"

मी मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि मातीत काडीने गणित मांडले. गाडी, बायका, फराळाच्या टोपल्या, सगळे वजन धरले. "मामा, या इंजिनात वीस घोड्यांचं बळ आहे. आपलं काम दोन बैलांचं!"

"ऐकलंसा? पोरगं लई हुशार!" असे म्हणत मामांनी स्वतः दोर आवळला.

सोलापूरच्या अलीकडच्या माळापर्यंत गणित बरोबर होते. पण वडील आणि काका सारखे वळून काचेतून गाडी बघत होते. सासरा आणि चुलतसासरा असे टक लावून बघताहेत म्हटल्यावर नवी नवरी समोर कशी बसणार? ती पदर ओढून मागे सरकली. वडीलधाऱ्यांसमोर मामी तरी कशी बसणार? तीही सरकली. मग काकूही. (त्यांचे वजन मी गणितात धरले होते, मर्यादा धरली नव्हती!) दोन चाकांच्या गाडीत सगळा भार मागे गेला की पुढची बाजू वर उचलते. गाडी उलाळ झाली म्हणतात ती हीच. चढावर आमची गाडी उलाळ झाली, जू आभाळाकडे गेले, दोर तटकन तुटला आणि मोटार वाऱ्यासारखी सुटली.

"आता कशी पळाया लागली बगा!" मामा खूष.

मागून हाका आल्या, "अवं! अवं, थांबा की!"

काचेतून नुसता धुरळा दिसत होता.

"काका, काकूंची हाक दिसतीया," मामा म्हणाले.

"न्हाय, तुमच्या मंडळींची हाय ती," काका म्हणाले.

"आमची तर घरी हाय," वडील निवांतपणे म्हणाले.

मी तर मानही वळवली नाही. सकाळपर्यंत मला सगळे 'ए सदा'च म्हणत होते. मला 'अवं' म्हणणारे माणूस आता जगात आहे, हे डोक्यातच आले नाही! त्या हाकांत एक तिची होती. आयुष्यातली पहिली.

तिकडे मामी तिला म्हणत होती (हे मला नंतर कळले), "अगं, 'अवं' म्हटलं तर कुणालाच कळंना. नाव घिऊन हाक मार!"

"या बया! नवऱ्याचं नाव, आन् भर रस्त्यात?"

"मग उखाण्यात घे, पर घे की!"

उखाणा जुळेपर्यंत आम्ही सोलापुरात होतो.

आई ताट घेऊन दारात आली. "सूनबाई कुटं हाय?"

आम्ही मागे पाहिले. मोटारीला दोराचा तुकडा लोंबत होता. आईने ताट खाली ठेवले. "अरं, भरल्या मांडवातनं नुसता दोर आणलास?"

मोटार तशीच उलटी पिटाळली. सूर्य कलला होता. गावाबाहेर गाडी येताना दिसली. वाटेवरच्या कुणा भल्या माणसाचे बैल जुंपलेले. "मोटारीत बसा," मी घाईने म्हणालो. नवरीने मान हलवली.

"ती न्हाय बसायची," मामीने निकाल दिला. "तूच ये हिकडं!"

मी गुमान गाडीत चढलो आणि भार ओळखून अगदी पुढे बसलो.

दिवे लागायच्या तोंडावर दारात पोचलो. सगळी गल्ली जमलेली. "नाव घे, मग आत ये," आई म्हणाली. नवरीचा उखाणा वाटेत पुरा झाला होताच. पदराआडून ती एका दमात म्हणाली:

"मोटारीचा धुरळा फार, गाडीचा तुटला दोर,
सदाशिवराव बी. एस्सी. झाले, पर अजून हायती पोर!"

गल्ली खदखदली. सर्वांत मोठ्याने हसले ते मामा; पुन्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. आईने हसतच सुनेला आत घेतले. मागोमाग मीही गेलो. मला कुणी ओवाळले की नाही, ते आठवत नाही.

पुण्याची पदवी मामांनी चौकटीत बसवून भिंतीवर लावली. उंबऱ्यावर मिळालेली मात्र घरात अजून रोज वापरात आहे.