अर्ध्या तासाचा अहिर भैरव

कंपनीत मला सगळे 'शास्त्रीयवाले सर' म्हणायचे. मला गाता येत नाही, काही वाजवताही येत नाही. मी फक्त ऐकत आलो. पण पुण्यात नुसतं ऐकणाऱ्यालाही थोडा मान मिळतो, आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

हडपसरला आमच्या ऑफिसच्या मागे तेव्हा अजून ऊस उभा होता. पुढच्या बाजूला काचा आणि आत अमेरिकेतल्या क्लायंटची कामं. तिकडे दिवस असे तेव्हा इकडे रात्र, म्हणून आमचा बराचसा विभाग रात्री जागायचा. कोणी कुठल्या रात्री जागायचं ते मी ठरवत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

मुलं-मुली गावोगावाहून आलेली. हातात पहिल्यांदाच बरा पगार खेळत होता. कोणी वॉकमन घ्यायचं, कोणी मोठे स्पीकर, आणि मग एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन विचारायचं, "सर, क्लासिकल कुठून सुरू करू?" मला फार बरं वाटायचं. डॉक्टरने पेशंट तपासावा तसा मी चेहरा करायचो आणि नेहमीचं औषध लिहून द्यायचो. लहान चिजा, जलद लयीतल्या, जमल्यास एखादी ठुमरी, शेवटी भजन. नवशिक्याला लांबलचक विलंबित ख्याल द्यायचा नाही, तो पळून जातो, हा माझा सिद्धांत होता. स्वतःची कॅसेट मी आठवडाभर ऐकायला देत असे. आठवड्याने ती परत यायची, सोबत "छान आहे सर" हे शब्द. 'छान आहे' म्हणजे 'ही घ्या तुमची कॅसेट', हे कळायला मला काही वर्षं लागली.

लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत मी कॅसेट घ्यायला जायचो. तिथल्या दुकानदारांना एकदा मी माझी ही अडचण सांगितली. ते पावती फाडता फाडता म्हणाले, "त्यांच्याकडे वेळ आहे का?"

"फारसा नाही."

"मग गझला न्या. तुमचाही वेळ वाचेल."

अशात ती आली. अमरावतीकडची, लग्न होऊन पुण्यात आलेली, आमच्याकडे नुकतीच लागलेली. काम चोख. कोणी काही विचारलं की "करून राहिले ना सर" म्हणायची, त्यावरून बाकीचे तिची नक्कल करत. तिला त्याचं काही नव्हतं. उलट नक्कल चुकली तर ती दुरुस्त करून द्यायची.

"सर, अर्ध्या तासात बसेल असं काही आहे का?" तिने विचारलं. "आम्हा दोघांना एकदम ऐकायचंय."

हा अर्धा तास कुठला, ते मी विचारलं. ती विश्रांतवाडीला एका खोलीत राहायची. नवरा भोसरीला कारखान्यात, दिवसपाळीला. रात्रीची शिफ्ट संपवून कंपनीची गाडी तिला सकाळी घरी सोडायची, तेव्हा तो निघायच्या तयारीत असायचा. संध्याकाळी तो यायच्या आत बहुधा तिला न्यायला गाडी आलेली असायची. एकमेकांना धड भेटायचं ते सकाळीच. त्याचा दिवस सुरू व्हायच्या आधी आणि तिची रात्र संपल्यावर, मध्ये जो अर्धा तास उरायचा तो.

"मग बोला की त्या वेळात," मी म्हणालो.

"बोललो की पैशाचं नाहीतर घराचंच निघते सर. मग भांडण. भांडून माणूस कारखान्यात गेला की मला झोप लागत नाही."

सुट्टीचं काय, हा प्रश्न मी विचारला नाही. मला उत्तर माहीत होतं. भोसरी-पिंपरीकडे कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि आमची शनिवार-रविवार. कामावर आली त्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, बुधवारची रात्र मोकळी मिळेल का म्हणून. मी म्हणालो होतो, "एकीला वेगळी सुट्टी दिली तर उद्या सगळे मागतील." असं उत्तर द्यायला विचार करावा लागत नाही, ते आधीच तोंडात असतं. तिने पुन्हा विचारलं नाही. त्यामुळे ती कॅसेट मागायला आली तेव्हा मी जरा जास्तच उत्साहाने उठलो. गुरुवार देता येत नव्हता, निदान संगीत तरी द्यावं.

नेहमीचं औषध दिलं. आठ चिजांची कॅसेट. ती चौथ्या दिवशीच परत आली आणि 'छान आहे' म्हणाली नाही.

"सर, हे एक सुरू होते, संपते. मग दुसरं. आम्ही एकमेकाकडे पाहीपर्यंत तिसरं. एकच काही नाही का? लांब?"

माझ्या सिद्धांताच्या विरुद्ध मी तिला माझी आवडती कॅसेट दिली. एका ज्येष्ठ गायिकेचा अहिर भैरव. एका बाजूला विलंबित, म्हणजे संथ लयीतला मोठा ख्याल, अर्ध्या तासाचा. दुसऱ्या बाजूला त्याच रागातलं द्रुत, जलद. देताना बजावलं, "हा सकाळचा राग आहे. सकाळीच ऐकायचा. संध्याकाळी लावायचा नाही." हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असणार. ती "हो सर" म्हणाली.

आठवडा झाला, महिना झाला, मग सहा-सात महिने झाले, कॅसेट परत आली नाही. मला वाटलं, पडली असेल कोपऱ्यात. मागायचा संकोच वाटत होता. एकदा कामासाठी मी भल्या पहाटे ऑफिसला आलो, तर घरी जायच्या गाडीची वाट पाहत ती उभी होती. सहज विचारलं, "काय, ऐकता की नाही?"

"रोज," ती म्हणाली. "गाणं सुरू झालं की हे अंघोळीला जातात. ती खालीखालीच गाऊन राहते तोवर अंघोळ झाली पाहिजे. मग ती थोडी वर येते, तिथं पोहे. एके जागी ती एक अख्खा फेरा गातच नाही. नुसता तबला चालू राहते. हे म्हणतात तिथं ती पाणी पिते. मी म्हणते, नाही, ती विचार करते. आणि मग ती एकदम वर जाऊन थांबते ना सर, तिथं मी डबा बांधते. ती खाली आली की हे बूट घालतात."

तो ख्याल मी कित्येकदा ऐकला होता. गायिकेचं घराणं, तिची तालीम, त्यावर मी अर्धा तास बोलू शकलो असतो. पण ती गप्प राहिलेली जागा पाणी प्यायची की विचार करायची, यावर मी घरात कोणाशी कधी वाद घातला नव्हता. या दोघांनी घातला होता, आणि तोही रोज. रागाच्या वाढत जाण्याला आलाप, बढत वगैरे शब्द आहेत, ते त्यांना ठाऊक नव्हते. पण एक गोष्ट हळूहळू वाढत जाते आणि तिला घाई करून चालत नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. इतकं चांगलं ऐकणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि हे तर पाहिलंही नव्हतं, नुसतं तिच्याकडून ऐकत होतो.

"आणि द्रुत?" मी विचारलं. "दुसरी बाजू कशी वाटली?"

"ती नाही ऐकली."

"का?"

"पहिली संपते तोवर हे निघतात ना."

"मग दुपारी उठल्यावर ऐकायची."

"एकटीनं?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आपण बोललोच नसतो तर बरं झालं असतं. "मी पुढचं ऐकून बसले नि हे मागंच राहिले, तर काय फायदा?"

"शनिवारी-रविवारी संध्याकाळी तुम्ही दोघं घरी असता," मी म्हणालो, आणि मग घाईघाईने, "चालतं संध्याकाळी. काही होत नाही."

"तुम्हीच तर म्हणाले, नाही चालत." ती हसली. "लावली होती सर एकदा. सुरू झाली तर हे उठून बूट शोधायला लागले. आता ते सकाळचंच झालं. ज्या सकाळी कोणालाच जायचं नाही अशी सकाळ आली, की दुसरी बाजू लावू."

गाडी आली आणि ती गेली. मला तिथे उभं राहवेना.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मला वाटलं, कौतुक करेल. तिने कौतुक केलं, पण त्यांचं.

"शहाणी माणसं आहेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहो, एक विचारू? तिने तुमच्याकडे आधी काय मागितलं होतं?"

"बुधवारची रात्र."

"आणि तुम्ही कॅसेट दिलीत."

मी म्हणालो, ते माझ्या हातात नाही, क्लायंट आहे, नियम आहे.

"शिफ्ट कोण ठरवतं?"

ती पुन्हा भाजीकडे वळली. आमच्या घरात एवढं बोलणं पुरतं.

मला खरोखरच वाटत होतं की ते अवघड आहे. प्रत्यक्षात मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारलं तेव्हा चहा संपायच्या आत ते ठरलं. शनिवारी रात्रीसुद्धा एक माणूस लागायचाच, आणि आळीपाळीने येणारी ती पाळी सगळ्यांना नकोशी होती. अमरावतीवाली म्हणाली, शनिवार मी कायमचा घेते. बुधवारी एक माणूस कमी पडत होता. मी म्हणालो, मी बसतो. कोणीही वेगळी सुट्टी मागितली नाही. "उद्या सगळे मागतील" म्हणालो होतो, ते सगळे कुठे होते कोण जाणे. ही एवढीशी गोष्ट करायला मी पाऊण वर्ष घेतलं होतं, आणि त्या काळात माझं मन एका कॅसेटवर समाधान मानून निवांत होतं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं. बुधवारी मला टीव्हीवर हवं ते बघता येईल."

मी कितीतरी वर्षांत रात्रभर जागलो नव्हतो. पहिल्या बुधवारची रात्र कशीबशी काढली. गुरुवारी सकाळी घरी आलो तेव्हा अंग वाळू भरल्यासारखं झालं होतं. तरी म्हटलं, तिचा अर्धा तास आपणही ऐकून बघू. माझी कॅसेट तिच्याकडेच होती, पण त्याच गायिकेच्या अहिर भैरवाची एक जुनी मैफल माझ्याकडे होती. ती लावली. तंबोरे सुरू झाले. एरवी पहिल्या स्वराबरोबर खिडकी उघडल्यासारखं व्हायचं. त्या दिवशी ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि तो कोमल रिषभ मला झोप की, झोप की म्हणत होता. तबला सुरू झालेला मी ऐकला नाही. जाग आली तेव्हा दुपार झाली होती, अंगावर पांघरूण होतं आणि टेप बंद केलेला होता.

तेव्हा मला समजलं की ती रोज काय करत होती. रात्रभर काम करून आलेलं शरीर आडवं व्हायला मागत असताना ती संथ ख्यालाचा अर्धा तास उभ्याने ऐकत होती, पोहे करत, डबा भरत, आणि गायिका पाणी पिते की विचार करते यावर नवऱ्याशी वाद घालत. मी अनेक मोठ्या रसिकांना पहिल्या रांगेत माना हलवताना पाहिलंय. त्यांतल्या कोणाचंही ऐकणं मला इतकं मोठं वाटलं नाही.

पुढच्या पाळीला ती भेटली तेव्हा मी विचारलं, कसा झाला गुरुवार.

"झोपलो सर," ती म्हणाली. "दोघंबी. दुपारी दोनला उठलो. कॅसेट राहूनच गेली."

त्यानंतरच्या गुरुवारी पाहुणे आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी काय झालं ते मी विचारलं नाही, तिनेच येऊन सांगितलं. सकाळी पहिली बाजू पूर्ण झाली. नवऱ्याने पोहे खाऊन बशी खाली ठेवली. तिने कॅसेट उलटी केली. द्रुत सुरू झालं.

"आवडलं?" मी विचारलं. इतकी वाट पाहिल्यावर त्यांना द्रुत ऐकून काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता होती.

"चांगलं आहे," ती जपून म्हणाली. "पण ती लय घाई करून राहिली असं वाटलं. यांनी दोनदा घड्याळाकडे पाह्यलं. सवयीनं. मग म्हणाले, आज कुठं जायचंय. मग आम्ही परत पहिली बाजू लावली."