दोरा बांधलेल्या कळ्या

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका चौकस माणूस ब्रह्मदेवाने पुन्हा घडवला नाही, आणि नाही घडवला तेच बरं. असे दोघे झाले असते तर जगातली उत्तरं पुरली नसती. आदिलाबादजवळच्या सरकारी कापूस फार्मवर ते नोकरीला होते. हुद्दा लहान, पण शंका साहेबापेक्षा मोठ्या. ताईला पाहायला आले तेव्हा ताईकडे त्यांनी एकदाच पाहिलं. बाकी सगळा वेळ बैठकीच्या गादीकडे. उसवलेल्या कोपऱ्यातून कापसाचा बोळा काढला, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, धाग्याची लांबी पाहिली आणि आमच्या वडलांना म्हणाले, "गादी कोनाकडून भरून घेतली? अर्धा कापूस जुना हाये." वडलांचा पारा चढला. पण संध्याकाळी त्यांनी गुपचूप गादी उसवली, तर आत कुणाच्या तरी रजईचा पिवळा पडलेला कापूस निघाला. दुसऱ्याच दिवशी वडलांनी होकार कळवला.

पानं उलटी करून गालाला लावायची त्यांना सवय होती. कापसाच्या ज्या झाडाच्या पानाखाली दाट लव असते, त्याच्यावर तुडतुडे म्हणजे रस शोषणारे ते हिरवे किडे टिकत नाहीत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून कोणतंच पान सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत विड्याचं पान आधी गालावरून फिरायचं, मग तोंडात जायचं. एकदा त्यांनी आमच्या परसातलं अळूचं पान लावून पाहिलं. गाल तीन दिवस सुजला होता, आणि खाज किती वाजता वाढते याची वहीत नोंद चालू होती. ताईने कपाळाला हात लावला.

पण या वेडातूनच त्यांना ते झाड सापडलं. एका साली फार्मवरच्या सगळ्या कापसाची पानं तुडतुड्यांनी आक्रसली, आणि एकच झाड हिरवंगार उभं राहिलं. त्याच्या बियांचा भाऊजींनी छोटासा पट्टा केला. मधमाश्या शेजारच्या फुलांचा पराग आणून वाण बिघडवू नयेत म्हणून उद्या उमलणाऱ्या प्रत्येक कळीचं तोंड ते आदल्या संध्याकाळी लाल दोऱ्याने बांधत आणि दोऱ्याचं टोक देठाला अडकवत, म्हणजे फूल गळलं तरी खूण बोंडावर राही. दोरा असलेल्या बोंडाचंच बी खरं. चौथ्या वर्षीही झाडं तशीच हिरवी राहिली, तेव्हा भाऊजी मला म्हणाले, "बाबू, आता हे गावागावात देता येईन."

नेमकी त्याच साली राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य फुटलं; मराठवाडा मुंबई राज्यात, आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात. मी तहसिलीत कारकून होतो; इकडे राहणार की तिकडे जाणार ते लिहून द्या, असे कागद दफ्तरातून फिरू लागले. ताईला परभणीकडे जायचं होतं. सासर-माहेर दोन्हीकडचे बरेच जण तिकडे निघाले होते, आणि मुलींची मराठी शाळा सुटायला नको होती. भाऊजी कबूल झाले. त्यांची अट एकच होती, दोऱ्याच्या बोंडांचं बी थैलीत भरून न्यायचं आणि मगच निघायचं. तेवढी मोहलत फार्मच्या साहेबांनी दिली.

वेचणीच्या आधी मी त्यांच्याबरोबर पट्ट्यात गेलो, आणि दोघेही बांधावरच थांबलो. अख्खा पट्टा लाल झाला होता. बोंडाला दोरा, फांदीला दोरा, देठाला दोरा. भाऊजींचे कोणते आणि नवे कोणते, सांगायची सोय नव्हती.

निंदणाऱ्या बायांची म्होरकी गिरजाबाई हसतच पुढे आली. "आमीच बांधले साहेब. तुमी बदलीवर जाऊन राह्यले ना? तुमी रोज सांजच्याला इथं नवसाचे दोरे बांधता, म्हनलं जागा जागती दिसते. साहेब इथंच राहू दे म्हनून सगळ्या बायांनी नवस बोलला."

माझं तोंड उघडलंच होतं, पण भाऊजींनी माझा दंड दाबला. मग त्यांनी वही काढली. "कोनत्या दिशी बांधले?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

"बरं केलं," भाऊजी म्हणाले, आणि खाली मान घालून लिहीत राहिले.

चार वर्षांची मेहनत बायांच्या मायेपायी मातीत गेली, असं मला वाटलं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी ताईला एवढंच सांगितलं की, कापसाचं झाड उपटलं नाही तर पुन्हा फुलतं. एक साल राहिलो तर दोरे पुन्हा बांधता येतील. मला मात्र राहवेना. मी विचारलं, "भाऊजी, त्या बायांना खरं काऊन नाही सांगितलं?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "काय सांगू बाबू? माह्यासाठी आजवर कोनं नवस केला होता?"

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलंही नाही. "एकच साल हं," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्या झाडाचं बी पुढे नार्नूरकडच्या चार गावांत पेरलं गेलं, थोडी वर्षं टिकलं, मग बाजारात नवी बियाणं आली आणि ते मागे पडलं. त्या वाणाला कधी नाव मिळालं नाही. मुली तेलुगू शाळेत शिकल्या, तिथेच नांदल्या. भाऊजी आणि ताई त्या एका सालासाठी म्हणून थांबले ते आदिलाबादेतच संपले, आणि परभणीला जायचं राहिलं याची कुरकुर मी ताईच्या तोंडून कधीच ऐकली नाही.