थर्मासातला बर्फ

परवा नातीला गोवरची लस टोचायला नेलं. नर्सने डब्यातला बर्फ बाजूला काढला आणि मला मोहफुलांचा वास आला.

चाळीस वर्षांपूर्वी मी कुरखेड्याकडच्या एका गावात नर्स होते. लस बर्फाच्या थर्मासातून यायची; बर्फ विरघळला की ती वाया. त्या दिवशी मी शाळेच्या व्हरांड्यात बसले, पण बायका पहाटेच मोह वेचायला जंगलात गेलेल्या. शेवटची निघालेली सुमन, पाठीला तान्ही पोर बांधून, म्हणाली, "थांबजा बाई. फुलं ढोरं खाऊन टाकतेत. वेचली का येतो."

दुपारी ती धावत आली तेव्हा थर्मासात नुसतं पाणी होतं. "पुढच्या महिन्यात ये," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या आधी सुमनच येऊन बसली होती. मांडीवर जावेची मुलगी. "माह्या पोरीले गोवरानं नेलं बाई," ती म्हणाली. "हिले द्या."

उशीर तिने केला, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. थर्मास उचलून मलाही मोहाखाली जाता आलं असतं. वाट मला ठाऊक होती.