वारा बांधणारी थुरीद

थुरीद माझी शेजारीण. डांबरगल्लीतलं शेवटचं घर तिचं, त्याच्या अलीकडचं माझं. मी बोटींना डांबर लावायचो आणि ती वारा बांधायची. तोर्वीकमध्ये या कामाचं कुणाला अप्रूप नव्हतं. गावाला लोहार असतो, सुईण असते, तशी वारा बांधणारी असते.

आमच्या खाडीच्या तोंडाशी मुका पट्टा आहे. तिथं वारा शिरत नाही. पाणी गार झालेल्या डांबरासारखं पडून असतं. मासळी त्या पट्ट्यापलीकडे, आणि जव पिकतो तो मुलूख त्याच्याही पलीकडे. नुसती वल्ही मारून पट्टा ओलांडायचा म्हणजे माणसाचा जीव निघतो, आणि उशीर झाला तर बोटीभोवती बर्फ धरतो. म्हणून पिण्याचं पाणी न्यावं तसा वारा बरोबर न्यायचा. थुरीद एका दोराला तीन गाठी मारून द्यायची. पहिली जायला, दुसरी अडीअडचणीला आणि तिसरी परत यायला.

बाई उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. एकदा एक खलाशी तक्रार घेऊन आला की गाठ सोडली तर वारा अर्ध्यातच संपला.

"गाठ सोडताना दारू प्यायला होतास का?"

"थोडीशी."

"मग वाराही थोडासाच आला."

सगळी गल्ली हसली होती. तिचा नवरा तरुणपणीच बर्फाखाली गेला. मागं एकच मुलगी, एस्या. थुरीदची धाकटी बहीण दाल्ला धक्क्यावर दारूचा गुत्ता चालवायची. आईनं वारा बांधायला दोघींनाही शिकवलं होतं, पण दाल्लाच्या गाठी सैल पडायच्या, वारा वाटेतच गळायचा. तिनं ते काम हसत हसत सोडून दिलं. दाल्लाला माणसं लागायची, गप्पा लागायच्या. टेकडीवर एकटीनं दोर धरून बसणं तिच्याच्यानं होणारं नव्हतं.

पानगळीच्या दिवसांत थुरीद टेकडीवर जायची. तिचा गुडघा दुखायला लागल्यापासून दोरांचं ओझं मी उचलायचो. गाठीत वारा बसला की दोर जड होतो आणि हातात बारीक थरथरतो, मांजर मांडीवर येऊन झोपावं तसा. एका वर्षी टेकडीवर वारा उभं राहू देत नव्हता इतका होता. तिनं गाठ मारली, दोर तोलून पाहिला, आणि माझ्या हातात दिला.

"हावार, काय लागतं हाताला?"

"दोर लागतो, ताई."

"दोरच ना? मलाही तेवढंच लागतं."

सबंध हंगाम तिनं सगळं करून पाहिलं. नवा ताग घेतला, सीलच्या कातड्याचा दोर वळला, आई मारायची तशा उलट्या गाठी मारल्या. वारा तिच्या कानाशी घोंघावायचा, डोक्यावरचा रुमाल उडवायचा, पण गाठीत शिरायचा नाही. शेवटच्या दिवशी ती खडकावर बसून राहिली. मी उठ म्हटलं तर म्हणाली, "जरा थांब. पाय उचलत नाहीत."

खाली उतरली ती थेट गुत्त्यात गेली. तिथं ओर्म तांडेल बसला होता. बंदरातला सगळ्यात जाणता तांडेल, तिच्या नवऱ्याचा मित्र.

"ओर्म, या वर्षी दोर मिळणार नाहीत."

"का वहिनी, हात आखडलेत का?"

"हात बरे आहेत. वारा बसत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी झाली, असं सांग की सरळ." काहीजण हसले.

"झालेच आहे म्हातारी," थुरीद म्हणाली. "पण माझ्यानंतर जी कुणी टेकडी चढेल, तिच्याही हाती नुसता दोरच येईल. वारा आता आपल्याला धरू देत नाही. का, ते मला विचारू नका. मला माहीत नाही."

कुणाला पटलं नाही. लोक म्हणाले, बाई रुसली आहे, मनधरणी केली की बांधेल. मनधरणी झाली, मग शिव्या झाल्या, आणि मग थंडी आली. मासळी वाळवायच्या काठ्या रिकाम्या झाल्या. आधी जव संपला, मग वाळवलेली मासळी, मग लोक कातडी उकळून प्यायला लागले. म्हातारी माणसं एकेक करून गेली. एस्याला त्याच थंडीत मुलगी झाली होती. आईच्याच पोटात काही नाही तर दूध कुठून येणार? थंडीतली लांब रात्र संपून सूर्य परत यायच्या आधीच पोर गेली. थुरीदनं तिला आपल्या शालीत गुंडाळलं.

बर्फ सुटल्यावर दाल्ला एकटीच टेकडीवर गेली आणि कवेत मावतील तेवढे दोर बांधून घेऊन खाली आली. तिचं एक पिंप गळत होतं म्हणून मी गुत्त्याच्या मागच्या खोलीत डांबर घेऊन बसलो होतो. थुरीद आली, तिनं एक दोर उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"हे रिकामे आहेत."

"असतील."

"दाल्ला."

"ताई, मला तुझ्यासारखं कधीच कळत नव्हतं. हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटतं, पुन्हा वाटतं नाही लागत. मी कशी सांगू?"

"मी सांगते ना. रिकामे आहेत."

"मग काय करायचं? दारं लावून बसायचं? कमरेला दोर असला की माणूस चार हात जास्त वल्हवतो. तेवढं तरी होईल."

"आणि पट्ट्याच्या मधोमध गाठ सोडल्यावर?"

दाल्ला माझ्या पिंपाकडे बघत राहिली. "तोवर अर्धी वाट तरी कापलेली असेल," ती म्हणाली.

दाल्लाचा दोर घेऊन पहिली एक लहान बोट गेली. तरणीताठी पोरं होती. ती परत आली. तळहाताची सालटं निघालेली, एकाची बोटं काळी पडून गळलेली, पण बोटीत मासळी होती. त्या दिवशी तोर्वीकमध्ये कितीतरी महिन्यांनी मासे भाजल्याचा वास सुटला. पोरं शपथेवर सांगत होती की दुसरी गाठ सोडली तेव्हा गालाला वारा लागला.

थुरीदनं त्यातल्या एकाला गाठलं. "शीड हललं होतं का रे?"

"मावशी, आम्ही परत आलो की नाही?"

"आलात. शीड हललं होतं का?"

तो तोंड पुसत निघून गेला. त्यानंतर थुरीदचं नाव काढलं की लोक थुंकायचे. बाईनं मुद्दाम गाव उपाशी मारलं, असं बोलणं झालं. माझ्याकडे मात्र काम इतकं आलं की कढई विझत नव्हती. सगळ्या जुन्या बोटी बाहेर निघाल्या. ओर्म तांडेल तेवढा गेला नाही. तो म्हणाला, मी वहिनीच्या दोराशिवाय बाहेर पडत नाही.

एस्या आणि तिचा नवरा केतिल निघाले होते. जायच्या आदल्या दिवशी दोघं थुरीदच्या दारात आली. मी भिंतीपलीकडे लाकडं फोडत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"आम्ही जवाच्या मुलखात चाललोय," एस्या म्हणाली. "परत नाही येणार."

"दोर रिकामा आहे, एस्या."

"घरही रिकामंच आहे."

"मी तुझ्या पाया पडते."

"आई, तू गेल्या थंडीतही खरंच बोलत होतीस. तुझ्या खऱ्यानं माझ्या पोरीला दूध नाही मिळालं."

केतिल म्हणाला, "मी सांभाळीन तिला, आई." गरीब माणूस होता तो.

थुरीद आत गेली आणि नवऱ्याची वल्ही घेऊन बाहेर आली. ती तिनं इतकी वर्षं आढ्याला टांगून ठेवली होती. तिनं ती केतिलच्या खांद्यावर दिली. "गाठींवर विसंबू नकोस. बंदर सोडल्यापासून वल्हवायला लाग. थांबू नकोस. हिलाही वल्हवू दे."

दुसऱ्या दिवशी सगळं बंदर धक्क्यावर होतं. थुरीद गेली नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत आली, आणि लोकांनी तिच्याकडे बघितलं तशी तिथूनच परत फिरली.

बोटी परत आल्या नाहीत. मासळीचा हंगाम गेला, पानगळ गेली, बर्फ धरला. लोक म्हणत राहिले की सगळे जवाच्या मुलखात उतरले असतील, तिथं खाऊनपिऊन सुखी असतील. बर्फ सुटल्यावर एक बोट प्रवाहाबरोबर हळूहळू आत आली. शीड वर होतं. बोटीत कुणी नव्हतं. तिच्या डाव्या अंगाला मीच ठिगळ मारून डांबर दिलं होतं, त्यामुळे मला लांबूनच कळलं की केतिलची आहे. डोलकाठीला दोर बांधलेला होता, त्याच्या तिन्ही गाठी सोडलेल्या. तळात एकच वल्हं होतं. त्याच्या मुठीला एस्याच्या रुमालाची चिंधी गुंडाळलेली होती आणि ती रक्तानं कडक झाली होती. म्हणजे पोरीनं आईचं ऐकलं होतं.

थुरीदनं चिंधी सोडली नाही, वल्हं तसंच खांद्यावर घेतलं आणि घरी गेली. लोक तिच्या वाटेतून बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत तिच्या दारावर दगड पडायला लागले. तिनं स्वतःच्या हातानं दोर बांधला असता तर ही माणसं वाचली असती, असं लोकांचं म्हणणं. मी बाहेर जाऊन ओरडलो तर एक दगड मलाही लागला.

काही दिवसांनी दाल्ला आली. गुत्ता तिनं बंद केला होता. ती दारातच बसली. थुरीद सीलचं कातडं खरवडत होती.

"ताई, मला काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"मनात असेल ते. शिव्या दे."

थुरीद खरवडत राहिली. मग म्हणाली, "मनात काही नाही गं. आत ये, गार वारं लागतंय."

दाल्ला आत गेली आणि त्या दिवसापासून तिथंच राहिली. त्या दोघींमध्ये एस्याचं नाव निघालेलं मी ऐकलं नाही.

पुढची थंडी तोंडावर आली तेव्हा गावात फार माणसं उरली नव्हती. काही डोंगर चढून पलीकडे गेली; तिकडून कुणी परत आल्याचं कधी ऐकलं नव्हतं. एक दिवस ओर्म आला. खांदे उतरले होते, दाढी पांढरी झाली होती.

"वहिनी, एक दोर बांधून दे."

"ओर्म, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तू गुत्त्यात सांगितलंस तेव्हाच मला पटलं होतं."

"मग?"

"बायको विचारते, दोर कुठाय. पोरं विचारतात. मोकळ्या हातानं त्यांना बोटीपर्यंत कसं नेऊ?"

"जाऊ नकोस. इथं राहा."

"काय खाऊन?"

सगळं गाव अंगावर आलं तेव्हा ही बाई हटली नव्हती. आता तिनं दाल्लाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघंही काय सांगणार होतो? ती उठली आणि तागाचा चांगला दोर काढला. सावकाश, नीट, हाताला लागेल तशी घट्ट अशी एकेक गाठ मारली. तिला टेकडीवर जायचीही गरज वाटली नाही. तिन्ही गाठी मारून झाल्यावर तिनं सवयीनं दोर तोलून पाहिला, आणि मग तिचं तोंड असं झालं की मी बाहेर निघून गेलो.

धक्क्यावर ती या वेळी आली. ओर्मची धाकटी पोर बायकोच्या कडेवर होती, थोरली स्वतःच्या पायानं बोटीत चढली. दोर तिच्याच हातात दिला होता.

"आजी, यात वारा आहे?" पोरीनं विचारलं.

"जपून ने हं," थुरीद म्हणाली.

ओर्मनं तिच्याकडे बघून मान हलवली आणि वल्ही पाण्यात घातली. बंदराच्या बाहेर पडेपर्यंत त्याची पाठ दिसत होती. तो एका लयीत वल्हवत होता, घाई न करता. पुढं त्यांचं काय झालं ते कळलं नाही. त्यांची बोटसुद्धा आली नाही.

थुरीद त्यानंतर एकच थंडी जगली. खायला सीलची चरबी होती, मी कधीमधी एखादा पक्षी मारून आणायचो. ती जेवायची नाही, दाल्लाच्या ताटात सरकवायची. दाल्ला चिडायची, "ताई, मला नको, तू खा," आणि मग रडत रडत दोघींचं खायची. शेवटी शेवटी थुरीदची बोटं वळलेलीच राहायची. दाल्ला ती गरम पाण्यात धरून एकेक सरळ करायची, सोडली की पुन्हा वळायची.

ती गेली तेव्हा जमीन दगडासारखी होती. तिला आम्ही माझ्या डांबराच्या कोठीत ठेवलं आणि बर्फ सुटल्यावर टेकडीच्या पायथ्याशी पुरलं. दाल्ला आणि मी, दोघंच होतो. दाल्ला म्हणाली, "मी तिला म्हटलं असतं ना, की चुकलं माझं, तर ती पुन्हा 'आत ये' एवढंच म्हणाली असती. म्हणून नाही म्हटलं."

परतताना तिला गल्लीचा चढ चढवेना. मी तिचा हात धरला. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली, आणि पाणी उकळेपर्यंत आम्ही चुलीपाशी बसून राहिलो.