त्या दिवसाचे दोन शिक्के

नवऱ्याच्या शोकसभेत मी एकच वाक्य बोलले आणि सगळा हॉल हसला. ते का, हे सांगायचं तर आधी पासपोर्टबद्दल सांगावं लागेल.

हा पासपोर्ट सरकारी नव्हे. स्पेनमध्ये यात्रेकरूंची एक जुनी वाट आहे, आठशे किलोमीटरच्या आसपास. ती पायी चालणाऱ्याला जाड कागदाची, घड्या घातलेली एक पुस्तिका मिळते. जिथे मुक्काम कराल, ज्या चर्चमध्ये डोकावाल, जिथे कॉफी प्याल, तिथे तारखेसह शिक्का मारून घ्यायचा. सगळी वाट एका दमात चालायची सक्ती नाही. एका खेपेला जिथे थांबलात, तिथूनच पुढच्या खेपेला पाऊल टाकायचं, एवढंच. शेवटचे शंभर किलोमीटर मात्र पायीच जावं लागतं आणि तेवढ्यात दिवसाला दोन शिक्के लागतात. मग शेवटच्या गावातल्या ऑफिसात पुस्तिका दाखवली की तुमचं नाव लॅटिनमध्ये लिहिलेलं प्रमाणपत्र हातात पडतं.

मी इथल्या, मिशिगनमधल्या नोव्हाय गावाजवळच्या एका लायब्ररीत काम करत होते. परत आलेली पुस्तकं जागेवर लावताना या वाटेवरचं एक पुस्तक हाती लागलं आणि ते मी उभ्या उभ्या निम्मं वाचलं. देवाधर्माकडे माझा ओढा नव्हता. पण या देशात आल्यापासून मी दुधाचा गॅलन आणायलासुद्धा गाडी काढत आले होते. आपले पाय आपल्याला कुठवर नेतात, हे मला एकदा बघायचं होतं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. या इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे हट्टाने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

तो गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होता. एका वेळी दोन आठवड्यांच्या वर रजा मिळत नसे, म्हणून वाट चार खेपांत, चार वर्षांत संपवायची ठरलं. मिशिगनच्या जानेवारीत बाहेर चालायची सोय नाही. दुकानं उघडायच्या आधी आम्ही मॉलमध्ये फेऱ्या मारायचो, पाठीवरच्या सॅकमध्ये वजन म्हणून तूरडाळीची पाकिटं भरून. ओळखीची एक मुलगी एकदा समोर आली आणि म्हणाली, "काका, मॉलमध्ये कँपिंग?" तो म्हणाला, "हो, फूड कोर्टात तंबू टाकतोय. काकूंना शेजार आवडतो." तो असा होता. त्याच्याबरोबर चालताना मला कंटाळा कधी आला नाही, हेही इथे लिहून ठेवायला हवं.

दोन खेपांमधले अकरा महिने दोन्ही पुस्तिका कपाटातल्या लोखंडी पेटीत असत, घराच्या कागदांखाली, नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटांच्या शेजारी. एखाद्या रविवारी मी माझी बाहेर काढून बघे. कुठल्या शिक्क्याच्या दिवशी पाऊस होता, कुठल्या दिवशी वाट चुकून आम्ही कोबीच्या शेतात शिरलो, ते सगळं तेवढ्यावरून आठवे. त्याने एक एक्सेल शीट केली होती. किती टक्के झालं ते तो मला अधूनमधून कळवायचा.

पहिल्या तीन खेपांत आम्ही एकही किलोमीटर सोडला नाही.

चौथ्या खेपेला, शेवट चार दिवसांवर आलेला असताना, सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्याचा फोन वाजला. पुण्याच्या टीमचं काहीतरी अडलं होतं. दहा मिनिटं म्हणाला. मी बूट बांधून, सॅक पाठीला लावून अंगणातल्या बाकावर बसले. बरोबरचे सगळे निघून गेले. साडेबारा वाजता तो बाहेर आला तो टॅक्सी सांगूनच. तीन वाजता मिशिगनच्या ऑफिसशी बोलायचं होतं आणि त्यासाठी पुढच्या गावातल्या खोलीवर पोचणं भाग होतं. मध्ये अठरा किलोमीटर होते. मी म्हटलं, तू पुढे हो, मी चालत येते, इथे नऊपर्यंत उजेड असतो. तो म्हणाला, एकटी कुठे जातेस, उगाच तमाशा नको.

मी टॅक्सीत बसले. वाट बराच वेळ रस्त्याला लागूनच होती. सकाळी शेजारच्या टेबलावर जाम मागणारी निळ्या टोपीतली म्हातारी मला काठी टेकत चाललेली दिसली. मी बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकले.

मध्ये दोनदा त्याने टॅक्सी थांबवली. एकदा चर्चपाशी, एकदा एका कॅफेपाशी. "तू बस, मी दोघांचे आणतो," म्हणाला, आणि पुस्तिकेवर फुंकर घालत, शाई वाळवत परत आला. "हे बघ, दोन शिक्के. झाला आजचा दिवस."

शेवटच्या गावातल्या ऑफिसात काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, सगळं पायी ना? तो हो म्हणाला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान हलवली. या लेखातलं हे वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त दिवस लागले.

परत आल्यावर मी दर वर्षी म्हणत राहिले, आपण ते अठरा किलोमीटर चालून येऊ. दर वर्षी त्याचं एकच उत्तर, "तेवढ्यासाठी कोणी अटलांटिक ओलांडतं का? शिक्के आहेत ना?" निवृत्त झाला, तर कन्सल्टिंग सुरू केलं. मी एकटी जाऊ शकले असते. नाही गेले. त्याने यावं, आणि मी बाकावर बसले होते ते ठिकाण बघावं, असं मला वाटत होतं. या फेब्रुवारीत तो दोन दिवसांच्या आजाराने गेला.

शोकसभा देवळाच्या हॉलमध्ये झाली. मुलीने त्याच्या पुस्तिकेची पानं मोठी छापून पुठ्ठ्यावर लावली होती. त्याचा ऑफिसातला जुना मित्र बोलला. या माणसाने आयुष्यात कधी शॉर्टकट घेतला नाही, म्हणाला, आणि त्या पानांकडे बोट दाखवलं. ते दोन शिक्के मला खुर्चीवरून दिसत होते. मग मला बोलायला सांगितलं. मी माइक घेतला आणि म्हटलं, "त्यातले अठरा किलोमीटर आम्ही टॅक्सीने गेलो."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, मायेने हसले. कोणी डोळे पुसले. मला काही कळेना.

जेवणाच्या वेळी तो मित्र जवळ आला. "वहिनी, त्या टॅक्सीबद्दल तो किती वेळा सांगायचा. हिचा गुडघा बोलायला लागला, म्हणायचा, मग कसलं यार सर्टिफिकेट, बायको महत्त्वाची."

घरी येताना गाडी मुलगी चालवत होती. मी तिला म्हटलं, माझा गुडघा दुखत नव्हता, बाबा फोनवर होता.

तिने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाली, "आई, एव्हरीवन लव्ह्ज दॅट स्टोरी. डझ इट मॅटर नाऊ?"

शिक्के त्याने आणले होते, मान मी हलवली होती. एवढं आमचं दोघांचं होतं. पण गुडघा त्याने एकट्याने रचला, आणि माझ्या माघारी, वर्षानुवर्षं, पार्ट्यांतून तो वाटत फिरला. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत पायऱ्या चढताना लोक मला हात का देत, ते मला आत्ता कळलं. मला वाटायचं, वय दिसायला लागलं असेल.

मला त्याच्याशी भांडायचं आहे. तो असता तर त्याने काहीतरी गमतीदार उत्तर दिलं असतं, मी हसले असते आणि गोष्ट तिथेच राहिली असती. आता तेवढंही होत नाही. सकाळी मी मॉलमध्ये जाते, सॅकमध्ये डाळ भरूनच. बेकरीच्या दुकानापाशी तो पट्टा सारखा करायला थांबायचा, तिथे अजून पाय आपोआप मंदावतात. दहा फेऱ्या होतात. गुडघे ठीक आहेत.

मुलगी म्हणते, सप्टेंबरमध्ये आपण दोघी जाऊ, बाबासाठी ते अठरा किलोमीटर पूर्ण करू. बाबासाठी. आता मी गेले तर ते त्याच्याच नावावर जमा होणार. मी अजून हो म्हटलेलं नाही.

परवा तिने त्याची पुस्तिका फ्रेम करायला मागितली. मी दोन्ही पुस्तिका पेटीतून काढल्या. आधी माझ्या पुस्तिकेत, त्या दोन शिक्क्यांखाली, पेन्सिलीने लिहिलं: टॅक्सीने. मग त्याची उघडली. त्याच्या शिक्क्यांची शाई जरा फिसकटलेली आहे, फुंकर पुरली नसावी. तिथे लिहिलं: टॅक्सीने. हिचा गुडघा दुखत नव्हता.

मुलगी येऊन पुस्तिका घेऊन गेली. आता ती तिच्या दिवाणखान्यात काचेमागे आहे. तिला मराठी वाचता येत नाही. लिहिताना हे मला माहीत होतं.