शोकसभेत वाजलेला बँड आणि जयसिंगरावांचं नवं काम

हिंदी मुलखातल्या एका शहरात मराठी समाजाची ऑनलाइन शोकसभा चालू होती आणि तीत एकाएकी वरातीचा बँड वाजू लागला, तेव्हा जयसिंगराव घरी पोहे खात मोबाइलवर सभा बघत होते. गेले होते ते समाजाचे जुने कार्यवाह तुकोजीराव. त्यांचा मुलगा गहिवरून बोलत होता. बँडमागोमाग कुणीतरी पडद्यावरच्या तुकोजीरावांच्या फोटोला लाल रंगाच्या मिशा काढल्या. मिशा त्यांना मुळात होत्याच. या त्यांच्यावर काढल्या. मग शिव्या सुरू झाल्या. अध्यक्ष गोपीनाथजींना हे थांबवायचं कसं ते सापडेना, म्हणून त्यांनी लॅपटॉपच मिटला. सभा त्यानंतरही चालूच राहिली, बँडसकट.

पुढच्या बैठकीत गोपीनाथजी म्हणाले, "लिंक फेसबुकवर टाकली, कोणीही आत आला. आता हे ऑनलाइन बंद."

जयसिंगराव एका टॉकीजचे निवृत्त मॅनेजर. टॉकीज पडली, तिथे मॉल झाला, पण मॅनेजरकी अंगातून गेली नव्हती. ते म्हणाले, "पब्लिकनी शिट्ट्या मारल्या म्हणून आम्ही कधी शो बंद नाही केला, भिया. डोअरकीपर ठेवला."

"मग बसा ना तुम्हीच दारावर."

आणि ते बसले.

शिकवलं सुनेनं. रुपाली नाशिकची, इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. "बाबा, येणारा आधी बाहेरच्या खोलीत थांबेल. तुम्ही घ्याल तेव्हाच आत. सगळ्यांचे माइक बंद. पडद्यावर कुणाला काही दाखवता येणार नाही, रेघोट्या ओढता येणार नाहीत. आणि हे बटण दाबलं की माणूस बाहेर. परत येणं नाही."

"परत येणंच नाही?"

"नाही."

जयसिंगरावांनी बटणाकडे आदरानं पाहिलं. टॉकीजमध्ये काढलेला माणूस मागच्या दारानं इंटरव्हलपर्यंत परत यायचा.

पहिल्याच व्याख्यानाला त्यांनी गडबड केली. इस्त्रीचा शर्ट घालून वेळेआधी बसले आणि नावं वाचून माणसं पारखू लागले. 'पिंकू का फोन' नावाचं कुणीतरी बाहेर सारखं ताटकळत होतं, त्याला त्यांनी मुळीच घेतलं नाही. 'प्रा. अभिराम' नावाच्या गृहस्थांना मात्र नमस्कार लिहून आत घेतलं. वक्त्या शैलजाबाई येईनात, म्हणून गोपीनाथजी श्रोत्यांना समाजाचा इतिहास सांगू लागले. तो संपून पुन्हा सुरू झाला, तेव्हा बाईंचा फोन आला: नागपूरहून भाचीच्या मोबाइलवरून त्या कधीच्या दारात उभ्या होत्या. भाचीचं नाव पिंकू.

त्या बोलायला लागल्या आणि प्रा. अभिराम माकडाचा मुखवटा घालून कॅमेऱ्यासमोर नाचू लागले. माइक बंद असल्यामुळे नाच मुका झाला. जयसिंगरावांनी बटण दाबलं. मग बाईंची माफी मागितली, आणि रात्री जेवले नाहीत.

"नाव कुणीही काहीही लिहितं, बाबा," रुपाली म्हणाली. "आत आलेल्याच्या हातात काय द्यायचं, ते तुम्ही ठरवा."

तेव्हापासून श्रोत्यांचे कॅमेरेही बंद झाले. हात वर करेल त्याला माइक, बोलणं झालं की माइक परत. चार व्याख्यानं शांततेत पार पडली, आणि गोपीनाथजी जयसिंगरावांना 'हमारे सिक्युरिटी इंचार्ज' म्हणू लागले.

मग समाजाच्या वाचनालयाबद्दलची खुली सभा आली. वाचनालयाची खोली एका कोचिंग क्लासला द्यायची, असं कार्यकारिणीनं सुचवलं होतं. गौतमपुऱ्याच्या इंदुमतीबाईंनी हात वर केला. निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातलाच. जयसिंगरावांनी माइक दिला.

"खोली द्यायचं ठरलं कुठे? कोणत्या बैठकीत?"

गोपीनाथजी म्हणाले, "तो विषय पुढे येईलच."

बाईंनी तेच पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, सावकाश, जसं वर्गातल्या ढ मुलाला विचारतात. जयसिंगरावांच्या पडद्यावर अध्यक्षांचा खासगी निरोप उमटला: 'बाईंना काढा. गोंधळ घालताहेत.'

जयसिंगरावांनी बटणावर बाण नेला आणि तिथेच ठेवला. गोपीनाथजींशी चाळीस वर्षांची दोस्ती होती. दोघांनी एकाच स्कूटरवरून मुली पाहिल्या होत्या. त्यांनी एका बोटानं टाइप केलं: 'गोंधळ नाही. प्रश्न आहे.'

लगेच मोबाइल वाजला.

"जयसिंगराव, मी अध्यक्ष आहे ना यार!"

"हौ, आहात ना. म्हणून तर तुम्हाला विचारतायत."

"अहो, काढा त्यांना! मी कोचिंगवाल्याला जुबान देऊन बसलोय!"

मोबाइलवर बोलताना लॅपटॉपचा माइक बंद करायचं गोपीनाथजींच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळ्या सभेनं ऐकलं. पडद्यावर नावांपुढे हात वर होऊ लागले, एकामागून एक, यादीच्या खालपर्यंत.

अध्यक्षांचा माइक बंद करायचं बटणही जयसिंगरावांकडेच होतं. ते का दाबलं नाही, असं मागे चहा घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नीनं, मंगलाबाईंनी, नंतर विचारलं. "सुचलंच नाही," ते म्हणाले. मंगलाबाई अजून मान हलवतात.

खोली वाचनालयाचीच राहिली. गोपीनाथजी अध्यक्षच राहिले, कारण दुसरं कुणी उभं राहिलं नाही. ते महिनाभर जयसिंगरावांशी बोलले नाहीत. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, "रविवारी बसणार आहात ना?" तेवढंच.

इंदुमतीबाई आता प्रत्येक सभेला येतात आणि प्रत्येक सभेत विचारतात. कोजागिरीच्या कार्यक्रमात त्यांनी मसाला दुधाचा ठराव कधी झाला, हे विचारलं. शेवटी जयसिंगरावांनी नियम केला: प्रत्येकाला दोन मिनिटं, मग माइक बंद. पहिल्याच रविवारी बाईंचं वाक्य अर्ध्यात तुटलं. त्यांनी समाजाला लेखी कळवलं की दारावरचा इसम हुकूमशहा आहे.

जयसिंगरावांनी ते पत्र पुढच्या सभेत स्वतः वाचून दाखवलं. वाचायला दोन मिनिटांहून जरा जास्त वेळ लागला, आणि इंदुमतीबाईंनी हात वर केला.