नमुन्याचं छप्पर

माझ्या ताईच्या घराला एक छप्पर कधी नव्हतंच. भावजींचं पत्र्यांचं आणि कौलांचं दुकान, त्याच्या मागे घर. मग या माणसाने काय करावं? स्वयंपाकघरावर सिमेंटचा पत्रा घातला, बाहेरच्या खोलीवर निळा रंगीत, न्हाणीवर उजेड येणारा फायबरचा आणि निजायच्या खोलीवर साधा चकचकीत. गिऱ्हाईक आलं की दुकानात बसवायचंच नाही, सरळ घरात आणायचं. "पत्रा हातात धरून काय कळतंय? त्याच्याखाली उभं राहा, मग बोला," म्हणायचे. लोकांना हे फार पटायचं. डोक्याने हुशार आणि काळजाने दगड असा हा माणूस, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

लोक बुटांसकट आत यायचे. ताई भाजी चिरत असो, केस विंचरत असो, नाहीतर आजारी पडलेली असो, सगळे माना वर करून उभे. तिच्याकडे कुणी बघायचंही नाही, म्हणजे तेवढीच अब्रू राहायची म्हणा. कुणी विचारलं की पावसात आवाज किती होतो, तर भावजी अंगणात जाऊन मूठभर खडी उचलायचे आणि वर भिरकावायचे. आतून गिऱ्हाईक खूश.

आणि ताईला अर्धशिशी. ज्याला आहे त्यालाच ते कळेल. एकदा कपाळ धरलं की बशीवर चमचा वाजला तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. वर उन्हाने तापलेला पत्रा कडकड वाजणार आणि खाली ही उशीत तोंड खुपसून पडणार. शिवाय दोन जातींचे पत्रे जिथे भेटायचे तिथे गळायचं, ते वेगळंच. तिने आयुष्यात नवऱ्याकडे दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. मागितलं एवढंच, "अहो, माझ्या खोलीवर तेवढी कौलं घाला."

"कौलं कोण घेतं आता?" भावजी म्हणायचे. म्हणजे तिला काय हवं हा प्रश्नच नाही, गिऱ्हाईक काय घेतं हा प्रश्न.

पुढे कौलांची भट्टी बंद पडली आणि शेवटचा माल भावजींनी पडेल भावात उचलला. तो कुणी घेईना. मागच्या अंगणात शेवाळ धरून पडून राहिला, ट्रक वळवायला अडचण व्हायला लागली, तेव्हा कुठे साहेबांना बायकोची खोली आठवली. ताईने एकेक कौल स्वतः निवडलं. बोटाच्या पेराने टकटक करायची. खणखणीत वाजलं तर ठेवायची, बद्द वाजलं तर बाजूला. बाजूला काढलेल्यांचा भावजींनी चुरा करून अंगणात भराव घातला. उरली ती सगळी तिच्या डोक्यावर गेली.

आणि काय सांगू, बाई माणसात आली. दुपारची शांत झोपायला लागली. अर्धशिशी गेली नाही, पण आली तर निजून काढता यायची. फोनवर हसायची सुद्धा, इतकी की मी एकदा विचारलं, "तूच बोलतेयस ना?"

अशात एक बँकेतल्या बाई आल्या. निवृत्तीनंतरचं घर बांधत होत्या. भावजींनी निळा पत्रा दाखवला, चकचकीत दाखवला. मी त्या दिवशी तिथेच होते, चहा ठेवला होता. बाई स्वभावाने चांगल्या. ताईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इथे राहता, तुम्हीच खरं सांगा. मी काय घेऊ?"

आजवर हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ताई फुलून गेली. पत्र्याखाली डोकं कसं फुटतं ते तिने सांगितलं, कौलांखाली भर दुपारी कसं गार वाटतं ते सांगितलं, कौल वाजवून कसं निवडायचं ते हाताने करून दाखवलं. भावजी दारात उभे राहून सगळं ऐकत होते.

"मग मला हीच हवीत," बाई म्हणाल्या.

"भट्टी बंद झाली हो," ताई म्हणाली.

"वापरलेली चालतील मला," बाई वर बघत म्हणाल्या. ताईला ती गंमत वाटली, ती हसली. भावजी हसले नाहीत. त्यांनी खिशातून मोजायची टेप काढली.

बाई गेल्यावर ताई म्हणाली, "अहो, ती माझी आहेत."

"तुझी म्हणजे काय? माल आहे तो. आणि विकलास तूच, मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

मी भांडले. "भावजी, तिच्या डोक्याचा तरी विचार करा," म्हटलं. "गोळी घेईल," म्हणाले आणि चहा प्यायले. मीच केलेला.

कौलं उतरवायला माणसं चढली त्या दिवशी ताईचं डोकं चढलं होतं. तिला दुसऱ्या खोलीत न्यायला मी हात धरला तर उठेना. डोक्याला फडकं बांधून पडून राहिली आणि एकेक कौल निघताना बघत राहिली. वरून भावजी ओरडले, "तेवढी गादी सरकव, माती पडतेय." गादी खराब होऊ नये म्हणून. संध्याकाळच्या आत वर पुन्हा चकचकीत पत्रा ठोकला.

काम बघायला म्हणून भावजी तिला त्या बाईंच्या नव्या घरी घेऊन गेले. ताई खुर्चीत बसली आणि बसल्याबसल्या तिला गाढ झोप लागली. बाई हळूच म्हणाल्या, "झोपू द्या." भावजींनी खांदा धरून तिला हलवलं. लोकांच्या घरी झोपायची लाज वाटत नाही का, असं चारचौघांत विचारलं.

परवा मी गेले तेव्हा खोलीत एक नवं जोडपं मान वर करून उभं होतं. मुलीचं पोट दिसत होतं. ताईचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळाची शीर तटतटलेली, आणि ती गोड आवाजात सांगत होती, "फार छान पत्रा आहे हो. गार राहतं. आवाज अजिबात नाही. मला तर याच्याखालीच झोप लागते." मुलीने नवऱ्याकडे बघितलं. सौदा झाला.

ते बाहेर गेल्यावर मी तिच्यावर चिडले. "खोटं का बोललीस? त्या पोरीचं बाळ निजणार आहे त्याच्याखाली."

"कौलांचं कौतुक केलं तर कौलं गेली," ताई म्हणाली. "आता येईल त्याच्याकडे याचं कौतुक करते. कधीतरी हा पण जाईलच की." मग कोपरावर उठून म्हणाली, "जरा खिडकीतून बघ ना. शिडी आणतायत का?"

मी बघितलं. गोदामाचं दार सताड उघडं होतं, आत हेच पत्रे आढ्यापर्यंत रचलेले, आणि भावजी तिथून काढून टेम्पोत भरून देत होते.

"आज नाही," मी म्हणाले.

"असू दे. उद्या अजून एक गिऱ्हाईक यायचंय," ताई म्हणाली आणि डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट आवळायला लागली.